शून्य सावली: सोलापुरात १० मेची काठी कशी रोवायची आणि तिच्याकडून काय काय वसूल करायचं

सोलापूरचं ऊन कसं असतं हे सोलापूरकराला सांगायला नको. पण त्या उन्हातली एक गंमत बहुतेकांच्या डोक्यावरून जाते, तीही शब्दशः. १० मे रोजी दुपारी १२ वाजून २३ मिनिटांनी सूर्य शहराच्या बरोबर माथ्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच जिरते. २ ऑगस्टला १२ वाजून ३३ मिनिटांनी हेच पुन्हा घडतं. त्या दिवशी मोबाइलवर डब्याचे आणि बाटल्यांचे फोटो फिरतात, खाली "आज सावली गायब" असं लिहिलेलं असतं, आणि विषय तिथेच संपतो. काठी नीट मांडली तर तिच्यातून पृथ्वीचा घेर निघतो, गावाचा अक्षांश निघतो आणि संक्रांतीबद्दलचा एक जुना समजही तपासता येतो. सामान गवंड्याच्या पिशवीत आणि शाळेच्या दप्तरात मिळतं.

आधी तारीख आणि वेळ

देशभर एकाच दिवशी सावली जाते हा पहिला गैरसमज, आणि ती बरोबर बाराला जाते हा दुसरा. सूर्य माथ्यावर कधी येणार हे गावाच्या अक्षांशावर ठरतं. सोलापूर साधारण १७.६६ अंश उत्तरेला आहे. विषुववृत्तापासून सूर्याचं उत्तर-दक्षिण अंतर, म्हणजे सूर्याची क्रांती, ज्या दिवशी तेवढीच होते तो आपला दिवस. सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा, असे दोन दिवस मिळतात. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला हे दोन दिवस येतात. दिल्लीला एकही येत नाही.

मे महिन्यात सूर्याची क्रांती रोज सुमारे पाव अंशाने वाढते. जमिनीवर मोजलं तर ही शून्य सावलीची रेघ दिवसाला २९ किलोमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकते. दिंडीला झेपेल त्याहून थोडी जास्तच मजल, आणि तीही पंढरीला पाठ करून. ऑगस्टमध्ये मात्र ती त्याच चालीने दक्षिणेला, पंढरपूरकडे येते. पंढरपूर आणि सोलापूर जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्यामुळे दोघांची तारीख एकच. पंढरपूर पश्चिमेला आहे म्हणून वेळ दोन-सव्वादोन मिनिटं उशिरा. सांगोल्याला एक दिवस आधी, ९ मेला पाहा. बार्शीला १२ मे आणि करमाळ्याला १३ मे. लीप वर्षाच्या चक्रामुळे गणित थोडं मागेपुढे होतं, पण सोलापूरसाठी १० मे हा दिवस सहसा चुकत नाही. सूर्याच्या थाळीची रुंदीच अर्ध्या अंशाहून थोडी जास्त आहे, त्यामुळे एवढी तफावत पोटात जाते.

आता वेळ. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. सोलापूर त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला आहे आणि सूर्याला एक अंश पार करायला चार मिनिटं लागतात. म्हणजे २६ मिनिटांचा उशीर इथेच झाला. त्यात पृथ्वीची लंबगोल कक्षा आणि तिच्या अक्षाचा कल यांमुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. दोन्हींची बेरीज केली तर सोलापूरची खरी माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांनी येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४१ मिनिटांनी. घड्याळातल्या ठोक बाराला सूर्य मध्यावर आहे असा वर्षात एकही दिवस सोलापूरला मिळत नाही.

काठी

१२ मिमी जाडीची, सव्वा मीटर लांबीची लोखंडी सळई घ्या. बांधकामावर तुकडे पडलेले असतात, पण वाकलेला तुकडा उचलू नका. रंगाच्या रिकाम्या डब्यात ती उभी धरून वाळू-सिमेंटचा गिलावा भरा आणि दोन-तीन दिवस पाणी मारून पक्का होऊ द्या. मग दोन फूट चौकोनी प्लायवूडच्या मधोमध भोक पाडून तो सळईवरून खाली सरकवा, म्हणजे डब्याच्या काठावर बसेल. त्यावर पांढरा कागद चिकटवा. सळईची उंची मोजायची ती या कागदापासून, आणि ती बरोबर १०० सेंमी ठेवायची. जास्त असेल तर कापा. डब्यात गाडलेला भाग उंचीत धरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. पुढचं गणित सपशेल फसतं आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही.

सळईच का, शिवणाची सुई किंवा सायकलचा स्पोक का नको? सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे. त्यामुळे कोणत्याही टोकाच्या सावलीला धूसर कड येते. १ मीटर उंचीवर असलेली वस्तू ९ मिमीपेक्षा बारीक असेल तर तिची गडद सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच विरते. उलट फार जाड खांब घेतला तर सूर्य माथ्यापासून बाजूला असतानाही सावली खांबाच्या जाडीखालीच लपते आणि "दहा मिनिटं सावली नव्हती" असा भ्रम होतो. मोठ्या ड्रमचे फोटो म्हणूनच छान येतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. १२ मिमी हा मधला मार्ग.

आता खरी मेहनत: सळई ओळंब्यात आणणं. गवंड्याचा ओळंबा सळईशेजारी सोडा आणि दोन बाजूंनी पाहा, एकदा दक्षिणेकडून आणि एकदा पूर्वेकडून. एकाच बाजूने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या बाजूला झुकलेली असू शकते. एक अंशाचा कल १ मीटरच्या काठीला पावणेदोन सेंमीची खोटी सावली देतो. शून्य दिवसाच्या एक दिवस आधी किंवा नंतर खरी सावलीच अर्ध्या सेंमीच्या आत असते. म्हणजे एका अंशाच्या कलाने तुम्ही चार दिवस चुकता. "आमच्याकडे ८ तारखेलाच सावली गेली" असं कुणी सांगितलं तर आधी त्याच्या काठीला ओळंबा लावा.

गच्चीचा उतार मात्र वाटतो तेवढा त्रास देत नाही. गच्ची असो की जुन्या घराचं माळवद, पाणी जायला तिला ढाळ दिलेलाच असतो. काठी ओळंब्यात असेल आणि सूर्य माथ्यावर असेल, तर खालचा पृष्ठभाग कसाही असला तरी सावली बुडातच जाते. पाणसळ लावायची ती प्लायवूडला, लांबी मोजायच्या दिवसांसाठी. जमीन सपाट आहे का हे पाण्याने तपासायची ही रीत नवी नाही. सूर्यसिद्धांताच्या तिसऱ्या अध्यायात काठी, म्हणजे शंकू, रोवायची जागा पाण्याने समतल करून घेतलेला दगड किंवा तशीच पक्की सपाटी असावी असं सांगितलं आहे. शहाबादी फरशीवर हे काम फार छान होतं.

ज्यांना फक्त पाहायचं नसून मोजायचं आहे

त्यांनी काठीऐवजी भोक वापरावं. फूटभर चौकोनी जाड पुठ्ठा घ्या, मधोमध ५ मिमीचं गोल भोक पाडा आणि तो दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवा. भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंमी उंच यायला हवं. भोकातून दोरा सोडून खाली ओळंबा लावा आणि त्याचं टोक फरशीवर जिथे टेकेल तिथे पेन्सिलची फुली मारा. दोरा काढून घ्या. पुठ्ठ्याच्या सावलीत आता उजेडाचा एक गोल ठिपका दिसेल, साधारण १४ मिमीचा. ही भोकाची आकृती नाही, सूर्याची प्रतिमा आहे. भोक चौकोनी पाडलं तरी ठिपका जवळजवळ गोलच पडतो. सावलीची धूसर कड कुठे संपते हे डोळ्याला ठरवता येत नाही, पण गोलाचा मध्य सहज ठरवता येतो. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतची अचूकता घरच्या घरी मिळते.

इटलीत बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये हेच केलं. छताजवळ २७ मीटर उंचीवर एक भोक आणि फरशीवर ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा. आपल्याकडे जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्रही २७ मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकताना डोळ्यांना दिसते. दोन्हीकडे युक्ती एकच आहे: उंची वाढवली की चूक छोटी होते. तुमच्या जिन्याच्या घरात दोन मजल्यांची उंची मिळत असेल तर १ मीटरवर का थांबायचं?

१० मेच्या दुपारी

बारा वाजताच सगळं मांडून ठेवा. वेळ मोबाइलवरच्या नेटवर्कची घ्या, भिंतीवरच्या घड्याळाची नको. पण मोबाइल उन्हात ठेवू नका, तापून बंद पडेल, आणि नेमका १२.२२ ला. डोक्यावर ओला टॉवेल, सोबत पाणी. टॉवेलची या गावात कमतरता नाही. सूर्याकडे थेट, पाइपमधून किंवा भोकातून पाहायचं नाही. सगळं पाहणं खाली मान घालून.

सव्वाबाराला १ मीटर काठीची सावली सुमारे ३.३ सेंमी असेल आणि ती पश्चिमेकडे पडलेली असेल. दर मिनिटाला टोकावर टिंब द्या आणि शेजारी वेळ लिहा. दर मिनिटाला सावली ४ मिलिमीटरने आखडत जाईल. १२.२२ च्या सुमारास ती बुडाशी येईल. १२ मिमीच्या सळईला दोनेक मिनिटं काहीच दिसणार नाही. १२.२५ नंतर ती बुडातून पूर्वेकडे डोकं काढेल आणि १२.३१ ला पुन्हा ३.३ सेंमी होईल. टिंबं जोडली की कागदावर जवळजवळ सरळ रेष मिळते, आणि ती रेष म्हणजे तुमच्या घराची खरी पूर्व-पश्चिम. होकायंत्र लोखंडी सळयांच्या गच्चीवर भरकटतं. ही रेष भरकटत नाही.

एक मजेशीर योगायोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक मिनिट उशीर झाला तर सावली ४ मिमी पूर्वेला जाते आणि एक दिवस उशीर झाला तर साडेचार मिमीच्या आसपास दक्षिणेला. या प्रयोगात एका मिनिटाची आणि एका दिवसाची चूक जवळपास सारख्याच वजनाची आहे. म्हणून ९, १० आणि ११ अशा तिन्ही दिवशी बघा. पुठ्ठ्याच्या भोकाने केलं तर ९ तारखेला १२.२३ चा ठिपका फुलीच्या उत्तरेला, १० ला फुलीवर आणि ११ ला दक्षिणेला गेलेला स्पष्ट दिसेल. एखाद्या दिवशी ढग आले तरी उरलेल्या दोन दिवसांवरून मधला काढता येतो.

मुलांना दाखवायचं असेल तर सरळ बाजूंचा स्टीलचा डबा उत्तम. तांब्या किंवा घागर ठेवू नका. त्यांचं पोट बुडापेक्षा मोठं असल्याने सूर्य माथ्यावर असला तरी पोटाची सावली खाली गोल पडते आणि मुलं विचारतात, "गेली कुठे?" प्रश्न रास्त आहे. सावली कधीच नाहीशी होत नाही. ती फक्त वस्तूच्या पायाखाली जाते. टेबल ठेवलं तर त्याच्याखाली टेबलाएवढी सावली असतेच.

वाट पाहताना सांगायची गोष्ट

काठी मांडून झाल्यावर दहा मिनिटं मोकळी असतात. पुराणात सूर्याच्या बायकोचं नाव संज्ञा. तिला नवऱ्याचं तेज सोसवेना, म्हणून तिने आपली सावली, छाया, आपल्या जागी घरात ठेवली आणि स्वतः निघून गेली. यम आणि यमी संज्ञेची मुलं, शनी छायेचा. पुढे संज्ञेच्या वडिलांनी, विश्वकर्म्याने, सूर्याला चरकावर धरून त्याचं तेज तासलं आणि त्या तासून काढलेल्या तेजातून विष्णूचं चक्र आणि शिवाचा त्रिशूळ घडवला. ही कथा मार्कंडेय पुराणात विस्ताराने येते. सोलापुरातले पद्मशाली विणकर मार्कंडेय ऋषींना आपलं कुलदैवत मानतात आणि नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ गावातून निघतो, तेव्हा गोष्ट सांगायला श्रोते शोधावे लागणार नाहीत. सावलीला कानडीत नेरळु आणि तेलुगूत नीड म्हणतात. सोलापूरच्या एकाच गच्चीवर हे तिन्ही शब्द ऐकू येऊ शकतात.

८४ दिवस सावली दक्षिणेला

१० मे ते २ ऑगस्ट या ८४ दिवसांत सोलापूरची दुपारची सावली दक्षिणेला पडते. पटत नसेल तर २१ जूनला, ढगांतून ऊन मिळालं तर, १२.२८ ला पाहा. १ मीटर काठीची १० सेंमी सावली दक्षिणेकडे दिसेल. सूर्य नेहमी दक्षिणेकडून तापवतो असं धरून उत्तरेच्या खिडकीला छज्जा न देणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. विजापूर आपल्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे हे दिवस आणखी आधी सुरू होतात. म्हणजे १० मेच्या दुपारी सोलापुरात सावली शून्य असते, तेव्हा विजापुरात ती दक्षिणेला आणि जळगावात उत्तरेला असते. त्यातूनच पुढचा प्रयोग निघतो.

जळगावच्या मदतीने पृथ्वी मोजणं

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याला कळलं की दक्षिण इजिप्तमधल्या सायीनी गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीला सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र काठीला सावली होती. त्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (त्या काळचं अंतराचं माप), त्याला ५० ने गुणलं, झाला पृथ्वीचा घेर: २,५०,००० स्टेडिया.

आपली सायीनी सोलापूर, आणि अलेक्झांड्रियासाठी जळगाव अगदी सोयीचं. जळगाव आपल्या जवळजवळ बरोबर उत्तरेला आहे, रेखांशात जेमतेम एक तृतीयांश अंशाचा फरक. शिवाय चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. म्हणजे सावली मोजायला तो जिल्हा लायकच.

जळगावातल्या नातेवाइकाला १० मेला १ मीटर काठी किंवा भोकाचा पुठ्ठा मांडायला सांगा. १२.१५ ते १२.३५ दर मिनिटाला टिंब मारायचं आणि सर्वांत आखूड सावली धरायची. फोनवर एकाच क्षणी मोजायची गरज नाही, प्रत्येकाने आपापली माध्यान्ह मोजावी. सावली उत्तरेकडे सुमारे ५.८ ते ५.९ सेंमी भरेल. तिला १०० ने भागा आणि मोबाइलच्या गणकयंत्रात उलटा टॅन (tan⁻¹) घ्या: सुमारे ३.३५ अंश. ३६० ला या कोनाने भागा आणि दोन गावांमधल्या उत्तर-दक्षिण अंतराने, म्हणजे ३७० किलोमीटरने, गुणा. उत्तर ३९,८०० च्या आसपास येईल. खरा घेर, ध्रुवांवरून मोजलेला, ४०,००८ किलोमीटर.

रस्त्याचं अंतर घेतलं तर पृथ्वी फुगते, कारण रस्ता वळत जातो. नकाशावर सरळ रेषेत मोजा. आणि सावलीत अर्ध्या सेंमीची चूक झाली तर घेर साडेतीन हजार किलोमीटरने इकडेतिकडे जातो. साध्या सळईने केलेल्यांची उत्तरं म्हणूनच ३६ हजार ते ४४ हजारांत कुठेही पडू शकतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उंची २ मीटर करा, चूक अर्धी होईल.

दुसरं गाव हाताशी नसेल तर एकट्यानेही बरंच होतं. २० किंवा २१ मार्चला दिवस-रात्र समान असतात. त्या दिवशीच्या माध्यान्ही १२ अंगुळे शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. जुनी पंचांगं गावागावांची पलभा छापत, कारण तिच्यात गावाचा अक्षांश लपलेला असतो. सोलापूरची पलभा ३ अंगुळे ४९ व्यंगुळे येते (६० व्यंगुळांचं एक अंगूळ), म्हणजे ३.८२ अंगुळे. अंगूळ किती मिलिमीटरचं यावर वाद घालायची गरज नाही, कारण इथे फक्त प्रमाण लागतं: १२ सेंमीचा खिळा घ्या, सावली ३.८ सेंमी मिळेल. ३.८२ भागिले १२, उलटा टॅन, १७.६६ अंश.

संक्रांतीची सावली

"संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं" हे वाक्य तिळगुळाइतकंच पक्कं असतं. भोकाच्या पुठ्ठ्याने तपासा. २१-२२ डिसेंबरला १ मीटर उंचीसाठी माध्यान्हीचा ठिपका फुलीपासून उत्तरेला ८७ सेंमीवर पडतो, वर्षातला सर्वांत लांब. १८ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान तो दोन मिलिमीटरही हलत नाही, त्यामुळे नेमका दिवस पकडायचा प्रयत्न सोडून द्या. पण १४ जानेवारीला १२.३५ ला मोजाल तर ८१ सेंमी भरेल. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज त्या दुपारी सरळ उभा धरला तर त्याची सावली त्याच्या उंचीच्या चार पंचमांशाहून किंचित जास्त असेल. सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेला वळलेला आहे.

मग सण १४ ला का? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवलेली मकर रास आणि अयनाचा, म्हणजे सूर्य उत्तरेला वळण्याचा, दिवस ७२ वर्षांत एक अंशाने दुरावतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी ते एकत्र होते, आज त्यांच्यात २४ अंशांचं अंतर आहे. हे अंतर कुठून मोजायचं यावरही एकमत नाही, म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीलाच होते. इंग्रजी तारखेनेही संक्रांत ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. मागे मोजत गेलं की पानिपताशी गाठ पडते. १४ जानेवारी १७६१ ला ऐन संक्रांतीच्या दिवशी लढाई झाली आणि म्हणून "संक्रांत कोसळली", असं सर्रास सांगितलं जातं. त्या वर्षी संक्रांत गणिताने १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई पौष शुद्ध अष्टमीला झाली, पण सूर्य मकरेत जाऊन तोवर तीन-चार दिवस उलटले होते.

ऑगस्टचा दुसरा डाव

मे हुकला तर २ ऑगस्ट. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने कोकणापेक्षा इथे ऊन मिळण्याची आशा जास्त, तरी १ ते ३ असे तिन्ही दिवस राखून ठेवा. वेळ दहा मिनिटांनी पुढे, १२.३३. क्रम उलटा: १ ला ठिपका फुलीच्या दक्षिणेला, ३ ला उत्तरेला. प्लायवूडवरचा कागद पावसाने फुगतो आणि टिंबं पसरतात, म्हणून या वेळी शाईऐवजी पेन्सिल वापरा आणि कागदावर सेलोटेपचा थर द्या. ढग सरकत असतील तर मिनिटाची वाट पाहू नका. ऊन पडेल त्या क्षणी टिंब मारा आणि शेजारी सेकंदासकट वेळ लिहा. १२.३३ च्या आधीची दोन आणि नंतरची दोन टिंबं मिळाली तरी रेष ओढता येते. ती फुलीच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला जाते ते मोजलं की दर साडेचार मिलिमीटरला एक दिवस, या हिशेबाने खरा दिवस निघतो.